अमेरिकेत पहिली सेमी-ऑटो टॅक्टिकल शॉटगन घेताय? आधी चालवायला शिका, मग भाव करा

मागच्या दोन-तीन वर्षांत डॅलसच्या आसपासच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला एकाच टाईपचा मेसेज केलाय, फोटो पाठवतात आणि खाली लिहितात, "दादा, ही टॅक्टिकल शॉटगन मिळतेय, तो एवढे डॉलर म्हणतोय, घेऊ का?" (टॅक्टिकल म्हणजे पोलिस-सैन्याच्या वळणाची, आखूड नळीची.) मी प्रत्येकाला आधी एवढंच विचारतो की तुला ती पूर्ण रिकामी करता येते का. कारण ज्याला रिकामी करता येत नाही त्याला ती उघडून बघता येणार नाही, आणि ज्याला उघडून बघता येत नाही त्याला विकणारा सांगेल तोच भाव. म्हणून इथेही क्रम तोच ठेवलाय, कायदा, मग ती चालते कशी, हाताळायची कशी, आणि पैशाची गोष्ट सगळ्यात शेवटी. प्लीज थेट शेवटी उडी मारू नका.

आधी व्हिसा बघा

हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही म्हणून सगळ्यात वर लिहितोय. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला, म्हणजे एच१बी, एच४, एल१, एफ१ सगळे आले, बंदूक किंवा काडतुसं विकत घेता येत नाहीत आणि नुसती जवळ बाळगताही येत नाहीत. मोजके अपवाद आहेत, त्यातला आपल्या उपयोगाचा एकच, अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं हंटिंग लायसन. आणि हे रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, भाड्याने बंदूक घेऊन उडवण्यालाही लागू आहे. त्यामुळे आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, चला बाबांना एकदा रेंजवर नेऊन दोन राऊंड मारू देऊ, असं मनात असेल तर थांबा, त्यांचा बी२, म्हणजे व्हिजिटर व्हिसासुद्धा नॉन-इमिग्रंटच आहे. ग्रीन कार्डची फाईल चालू असताना असली चूक परवडणारी नाही, लायसनच्या अपवादावर जायचं असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म भरायचा, ग्रीन कार्डवाल्यांनी त्यात कार्डावरचा ए-नंबर टाकायचा, मग दुकानदार एनआयसीएस या एफबीआयच्या सिस्टीमवर बॅकग्राऊंड चेक करतो, ही सिस्टीम नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे. लायसनवाल्या दुकानातून शॉटगन घ्यायला फेडरल वय १८ आहे पण काही राज्यांत २१. फॉर्मवर विचारतात की खरा खरेदीदार तूच आहेस ना. मित्र एच१बीवर आहे म्हणून त्याच्या पैशाने आपल्या नावावर घेऊन दिली, याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात आणि २०२२ च्या कायद्यापासून त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कितीही जवळचा मित्र असला तरी नाही म्हणायचं.

खाजगी विक्री आपल्याच राज्यातल्या माणसाशी, तीही राज्याचा कायदा परवानगी देत असेल तर. दुसऱ्या राज्यातला विकणारा असेल तर बंदूक लायसनवाल्या दुकानाकडूनच आली पाहिजे, याला एफएफएल ट्रान्सफर म्हणतात, एफएफएल म्हणजे दुकानाचं फेडरल लायसन. टेक्सासमध्ये दोन रहिवाशांत समोरासमोर व्यवहार चालतो, तरी मी स्वतः अनोळखी माणसाकडून घेताना दुकानात जाऊनच कागद करतो, ३०-४० डॉलर जातात पण झोप चांगली लागते.

आता राज्य. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहत असाल तर न्यू जर्सीत सेमी-ऑटो शॉटगनला नुसती वेगळी पिस्तूल ग्रिप (पिस्तुलासारखी मूठ) असली तरी ती बंदी असलेल्या वर्गात जाते, सहापेक्षा जास्त काडतुसं मावणारी ट्यूब (नळीखालचं काडतुसं भरायचं नळकांडं) असली तरी जाते, आणि साधी शॉटगन घ्यायलाही आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं आयडी कार्ड काढावं लागतं. कॅलिफोर्नियात लांबी कमीजास्त होणारा स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) आणि पिस्तूल ग्रिप या दोन्ही एकत्र चालत नाहीत, आणि काढता येणारं मॅगझिन (काडतुसांची पेटी) तर अजिबात नाही. इलिनॉयमध्ये जानेवारी २०२३ पासून आणि वॉशिंग्टन राज्यात एप्रिल २०२३ पासून नवे निर्बंध आलेत, न्यूयॉर्कचे त्याहून जुने आहेत. म्हणजे ह्यूस्टनच्या भाच्याकडे आहे तशीच मला बे एरियात हवी, असं होत नाही.

अजून दोन आकडे पाठ करा. शॉटगनची नळी कमीत कमी १८ इंच आणि एकूण लांबी कमीत कमी २६ इंच, त्याखाली गेली की ती १९३४ च्या एनएफए (नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट) कायद्यात येते आणि आधी सरकारी मंजुरी घेतल्याशिवाय तशी बंदूक बनवणं किंवा जवळ ठेवणं गुन्हा आहे. सेकंडहँड बंदुकीची नळी कोणी कापलीय का असा जरा जरी संशय आला तर रिकामी करून, बोल्ट (काडतुसामागचा पुढेमागे सरकणारा भाग) बंद करून, नळीच्या तोंडातून एक लाकडी दांडी बोल्टला टेकेपर्यंत आत टाका, खूण करा आणि टेपने मोजा. मेजरमेंट असंच घेतात. आणि स्ट्रीट स्वीपर, स्ट्रायकर-१२, युसास-१२ ही नावं कुठे दिसली तर लांबूनच नमस्कार, १९९४ मध्ये सरकारने त्यांना डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाईस, म्हणजे बॉम्ब-ग्रेनेडच्या वर्गातलं ठरवलंय.

ती आपोआप भरते कशी

सेमी-ऑटो म्हणजे एकदा ट्रिगर ओढला की एकदाच बार होतो, पण रिकामं काडतूस बाहेर फेकणं आणि पुढचं आत घेणं हे बंदूक स्वतः करते. पंप शॉटगनमध्ये ते काम आपला डावा हात करतो. हे काम करायला ताकद कुठून येते यावर सगळ्या बंदुकीचा स्वभाव ठरतो, आणि खरं सांगायचं तर किंमतसुद्धा त्यावरच ठरते, कारण झिजतं काय आणि बिघडतं काय हे त्यावर अवलंबून आहे.

पहिला प्रकार गॅसचा. नळीला बारीक भोकं असतात, काडतूस फुटल्यावर तयार झालेल्या गॅसचा थोडासा भाग त्यातून बाहेर येऊन पिस्टनला मागे ढकलतो, कुकरची वाफ शिटीला उचलते तसंच. बेरेटा १३०१, मॉसबर्ग ९३० आणि ९४०, रेमिंग्टन ११०० आणि ११-८७ या सगळ्या गॅसवाल्या. बेनेली एम४ पण गॅसवालीच, तिच्यात चेंबरच्या (काडतूस जिथे बसतं आणि फुटतं ती जागा) थोडं पुढे दोन छोटे पिस्टन आहेत, १९९९ मध्ये अमेरिकन सैन्याने ती एम१०१४ या नावाने निवडली आणि मरीन्सकडे ती गेली. गॅसवाल्या बंदुकीचा धक्का खांद्याला थोडा मऊ लागतो पण काजळी आत साचते, पिस्टन आणि भोकं साफ ठेवावी लागतात.

दुसरा प्रकार इनर्शियाचा, बेनेली एम२ आणि तिच्या सगळ्या चुलत बहिणी. इथे गॅस वगैरे काही नाही. एसटी स्टँडवरून एकदम गचका देऊन सुटली की उभा असलेला माणूस मागे जातो, खरं म्हणजे तो जागेवरच असतो आणि गाडी पुढे जाते. तसंच इथे बंदूक धक्क्याने मागे येते पण जड बोल्ट क्षणभर जागेवरच राहतो, मधली जाड स्प्रिंग दाबली जाते, आणि तीच स्प्रिंग सुटताना बोल्टला मागे फेकते. आत कमी पार्ट, कमी काजळी, साफ करायला सोपी. पण यात एक अट आहे, बंदुकीला मागे यायला वाव पाहिजे आणि ती फार जड नको. नळीखाली लाईट, बाजूला काडतुसांचा पट्टा, वर नेम धरायचा मोठा साईट असं सगळं लादलं आणि त्यात हलकं बर्डशॉट (बारीक छर्र्यांची काडतुसं) भरलं की ती अडकायला लागते, मग विकणारा वैतागून "लेमन आहे", म्हणजे मुळातच खराब आहे, म्हणून विकतो आणि घेणारा सगळं सामान उतरवून दोन बॉक्स तगडी काडतुसं उडवतो तर मस्त चालते. भाव करताना हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रकार म्हणजे लाँग रिकॉइल, ज्यात नळीच मागे येते, ब्राऊनिंगची ऑटो-५ तशी, एफएनने १९०२ पासून बनवली. टॅक्टिकलमध्ये ती बघायला मिळत नाही, जुन्या बाजारात मात्र भेटते.

हातात घेतल्यावर

घरी हे सगळं करताना खोलीत एकही खरं काडतूस नको, स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं मिळतात ती आणा. बंदूक नेहमी भरलेली समजायची, नळीचं तोंड कोणाकडेही नाही, बोट ट्रिगरबाहेर, आणि निशाण्यामागे काय आहे ते माहीत पाहिजे. हे चार नियम रोजचे, कंटाळा आला तरी.

आता रिकामी करणं, कारण नवशिक्यांची सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते. पंपवर शिकलेला माणूस बोल्ट ओढतो, चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, परत ओढतो, काहीच येत नाही, आणि म्हणतो झाली रिकामी. नाही झाली! बेनेलीसारख्या बऱ्याच सेमी-ऑटोमध्ये नुसता बोल्ट ओढून ट्यूबमधलं काडतूस वर येतच नाही, त्यासाठी एक वेगळा खटका दाबावा लागतो. म्हणजे चेंबर रिकामं दिसतंय पण खाली ट्यूबमध्ये चार-पाच काडतुसं बसलेली असतात, आणि नंतर कोणीतरी तो खटका दाबून बोल्ट ओढला की बंदूक परत भरली. म्हणून क्रम असा ठेवा. सेफ्टी लावा, नळी सुरक्षित दिशेला धरा. बोल्ट मागे ओढून चेंबरमधलं काढा. मग उलटी करून लिफ्टर (काडतूस वर उचलणारी खालची फळी) आत दाबा, ट्यूबच्या तोंडाशी बाजूला छोटी पट्टी असते ती दाबली की काडतुसं एकेक करून हातात सरकतात, मॉडेलप्रमाणे थोडा फरक आहे तेव्हा मॅन्युअल उघडून समोर ठेवा, सगळ्या कंपन्यांच्या साईटवर फुकट आहे. शेवटी बोल्ट मागे अडकवून चेंबरमध्ये करंगळी घाला आणि ट्यूबमध्ये फॉलोअर (काडतुसांना ढकलणारी टोपी) दिसेपर्यंत बघा, तो बहुतेक वेळा भडक रंगाचा असतो. बोटाने आणि डोळ्याने दोन्हीने बघायचं, अंधारात नुसतं बोटाने तरी.

भरताना सोपी पद्धत म्हणजे रेंजवर बोल्ट मागे अडकवायचा, एक काडतूस उजव्या बाजूच्या खिडकीतून, जिथून रिकामं बाहेर पडतं तिथून, चेंबरकडे टाकायचं, बोल्ट रिलीज (बोल्ट सोडायचं बटण) दाबायचा, ते आत गेलं की मग ट्यूबमध्ये खालून अंगठ्याने एकेक ढकलायची, शेवटपर्यंत ढकला, क्लिक ऐकू येतो, अर्धवट सोडलं तर ते परत मागे येऊन अंगठ्याला चावतं. दोन काडतुसं भरून सुरुवात करा, सात नको.

काडतुसं. बारा गेज म्हणजे शुद्ध शिशाच्या एका पौंडात ज्या मापाचे १२ गोळे होतात त्या गोळ्याच्या व्यासाची नळी, साधारण ०.७२९ इंच. आपल्याकडे गावाला "बारा बोअर" म्हणतात ते हेच. नळीवर लिहिलेलं असतं २¾ इंच की ३ इंच, त्यापेक्षा लांब काडतूस घालायचं नाही. आणि वीस गेजचं काडतूस घरात किंवा रेंजच्या बॅगेत बारा गेजच्या शेजारी कधीही ठेवू नका, ते बाराच्या चेंबरमधून पुढे सरकून नळीत अडकतं, मागून बाराचं बसतं, आणि मग नळी फुटते. वीसचं काडतूस पिवळ्या रंगाचं बनवतात ते याच कारणासाठी. माझ्या पत्नीची वीस गेज आणि माझी बारा, आम्ही दोघांच्या बॅगा वेगळ्या ठेवतो आणि एका दिवशी एकच घेऊन जातो.

नव्या बंदुकीला पहिले काही बॉक्स तगडे द्या, तीन ड्रॅमच्या वरचे (ड्रॅम म्हणजे बॉक्सवर लिहिलेलं काडतुसाच्या ताकदीचं माप), विशेषतः एम४ आणि इनर्शियावाल्यांना. एकदम स्वस्त हलके टार्गेट लोड नंतर. बकशॉट (मोठ्या छर्र्यांचं काडतूस) किती पसरतं हे ऐकीव गोष्टींवर ठेवू नका, प्रत्येक नळी आणि प्रत्येक काडतूस वेगळं, कागद लावून ७, १५ आणि २५ यार्डांवर स्वतः बघा. घरासाठी घेत असाल तर हे न बघता घेण्यात अर्थ नाही, कारण एकही छर्रा निशाण्याबाहेर गेला तर तो भिंतीपलीकडच्या माणसाचा प्रश्न होतो, आणि इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे दोन जिप्समचे पुठ्ठे.

उभं राहताना स्टॉक गळ्याच्या हाडाच्या आत, खांद्याच्या खळग्यात घट्ट ओढायचा, वजन पुढच्या पायावर. ढिलं धरलं तर दुखतं आणि इनर्शियावाली अडकतेही. स्टॉकच्या लांबीकडे आपल्या लोकांनी जास्त लक्ष द्यावं, ट्रिगरपासून स्टॉकच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर, याला लेंथ ऑफ पुल म्हणतात. एम४ ची सव्वाचौदा इंचांच्या वर आहे, पाच फूट चार इंचाच्या माणसाला ती खांद्यापासून लांब पडते आणि मागे झुकून उभं राहावं लागतं. बेरेटा १३०१ टॅक्टिकल साधारण १३ इंच, मॉसबर्ग ९४० ची स्टॉकमधल्या चकत्या (स्पेसर) काढून साडेबारापर्यंत येते. पत्नीला पहिल्यांदा लांब स्टॉकची दिली तेव्हा दंडावर निळा डाग घेऊन आली आणि परत रेंजवर यायचं नाही म्हणाली, योग्य लांबीची दिल्यावर आता माझ्यापेक्षा छान उडवते.

कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही, कारण आवाज १५० डेसिबलच्या वर जातो आणि छपराखालच्या रेंजवर तर विचारू नका. डोळ्याला चष्मा.

अडकली तर घाबरायचं नाही, नळी समोरच ठेवायची. ट्रिगर ओढला आणि नुसता क्लिक आला तर ३० सेकंद तशीच समोर धरून थांबा, उशिरा फुटणारं काडतूस असू शकतं. बेनेलीत क्लिक येण्याचं अजून एक कारण म्हणजे बोल्ट हळू सोडल्याने त्याचं डोकं पूर्ण फिरून लॉक झालेलं नसतं, म्हणून बोल्ट नेहमी सोडून द्यायचा, हाताने सावकाश पुढे न्यायचा नाही. पण आवाज "फुस्स" असा दबका आला तर तिथेच थांबा, रिकामी करा, नळीत काही अडकलंय का ते बघा, वॅड (काडतुसातलं प्लास्टिकचं बूच) अडकलेला असताना पुढचं उडवलं तर संपलं.

आता पैसे

पहिलं काम, नवीन तीच बंदूक आज प्रत्यक्ष कितीला मिळते ते तीन दुकानांत बघा. कंपनीच्या साईटवरची छापील किंमत धरू नका, दुकानात ती बहुतेक त्याखालीच मिळते. दुसरं काम, गनब्रोकर या ऑनलाईन लिलावाच्या साईटवर विकल्या गेलेल्या बंदुकांचे आकडे बघा, चालू जाहिरातींचे नाही. मागणारा काहीही मागेल, कोणी दिले का हे महत्त्वाचं. एकाच मॉडेलचे सात-आठ पूर्ण झालेले व्यवहार बघा, सगळ्यात वरचा आणि खालचा सोडून द्या, मधल्यांवरून अंदाज येतो.

मग वरचा खर्च, जो नवखा माणूस विसरतोच. समजा नवीन दुकानात १,५०० डॉलर. टेक्सासमध्ये सेल्स टॅक्स जास्तीत जास्त ८.२५ टक्के, म्हणजे हातात साधारण १,६२४ ला. तीच वापरलेली ऑनलाईन १,२५० ला दिसतेय आणि तुम्ही खूश. आता त्यात बऱ्याच राज्यांत साईट टॅक्स लावते तो १०३, शिपिंग ५० धरा, तुमच्या दुकानाची ट्रान्सफर फी ४०, कार्डाने दिले तर अजून तीनेक टक्के म्हणजे ३८. झाले १,४८१. म्हणजे फरक दीडशे डॉलरसुद्धा नाही आणि नवीनची वॉरंटी गेली, हातात घेऊन बघायला मिळालं नाही ते वेगळंच. अशा वेळी नवीनच घ्या. बाय द वे, नवीन बंदुकीच्या किमतीत आधीच ११ टक्के फेडरल एक्साईज बसलेला असतो, १९३७ च्या कायद्याने तो पैसा जंगलं आणि वन्यजीवांसाठी राज्यांना जातो, मला हे कळल्यापासून नवीन घेताना तेवढं वाईट वाटत नाही.

माझा स्वतःचा हिशोब सांगतो, कोणाचा नियम नाही. हात न लावल्यासारखी, बॉक्स आणि चोकसकट (चोक म्हणजे नळीच्या तोंडात बसणारा, छर्रे किती पसरतील ते ठरवणारा तुकडा), नवीनच्या दुकानभावाच्या ८०-८५ टक्के. प्रामाणिक वापर झालेली पण आतून स्वच्छ, ७०. गंज, घासलेले स्क्रू, कुठलाही पार्ट गायब, ६० किंवा सोडून द्या. सामानाचे, म्हणजे लाईट, साईट, पट्टा, त्याच्या बिलाच्या फार तर एक तृतीयांश, तेही मला ते हवंच असेल तर. माझ्या पहिल्या खरेदीत मी बंदुकीपेक्षा सामानालाच भुललो, विकणाऱ्याने सगळी बिलं दाखवून पूर्ण किंमत लावली आणि मी दिली, वर्षभरात त्यातलं एकही सामान माझ्या बंदुकीवर राहिलं नाही.

बघताना काय बघायचं. आधी विचारा, "मी ही रिकामी आहे का बघू?" आणि ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या बंदुकीचा ट्रिगर ओढून बघणं, करण्याआधी परवानगी घ्या, हा इथला शिष्टाचार आहे. चेंबरच्या बाजूने टॉर्च लावून नळीत बघा, मध्ये एक काळी गोल सावली दिसली तर नळी तिथे फुगलीय, भाव करायचाच नाही. चोक हाताने फिरतो का बघा, अडकलेला चोक म्हणजे गंज. पुढचा फोरएंड (नळीखाली डाव्या हाताने धरायचा भाग) काढायला सांगा, गंज सगळ्यात आधी तिथे लपतो. मॅगझिन ट्यूबला पोचा आहे का बोट फिरवून बघा, एका पोच्याने फॉलोअर अडकतो. चेंबरमधून काडतूस बाहेर खेचणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचं नख तुटलेलं नको. गॅसवाली असेल तर पिस्टन. रेमिंग्टन ११०० मध्ये ट्यूबवर एक रबरी ओ-रिंग असते, ती तुटली की बंदूक पुढचं काडतूस भरत नाही आणि लोक ती बिघडलेली समजून स्वस्तात विकतात, रिंग अगदी किरकोळ किमतीत मिळते. बऱ्याच मॉडेलमध्ये बोल्ट पुढे ढकलणारी स्प्रिंग स्टॉकच्या आत असते आणि तिथे कोणी कधी साफ करत नाही, बोल्ट परत येताना सुस्त वाटला तर त्या स्प्रिंगचे पैसे वजा करा. "फक्त शंभर राऊंड झालेत" हे मी प्रत्येक विकणाऱ्याकडून ऐकलंय, तेव्हा बोल्ट ज्या खाचांवर सरकतो तिथली चमक बघा.

मॉडेलनिहाय थोडंसं. एम४ चा भाव पडत नाही, पण तिला सात काडतुसांची लांब ट्यूब लावलेली असेल तर एक प्रश्न विचारायचाच. इम्पोर्टेड सेमी-ऑटो शॉटगनवर १९९० चा ९२२आर नावाचा नियम आहे, अशी बंदूक बदलायची असेल तर यादीतल्या २० पार्टपैकी इम्पोर्टेड १० पेक्षा जास्त नकोत, म्हणून ट्यूबबरोबर ट्रिगर ग्रुपचे वगैरे काही पार्ट अमेरिकन बनावटीचे टाकतात. त्याची बिलं मागा, नसतील तर त्या बदलाला किंमत शून्य, उलट डोक्याला ताप. बेरेटा १३०१ पहिल्या पिढीची असेल तर बोल्ट बंद असताना रिलीज चुकून दाबला गेला की ट्यूबमधलं काडतूस सुटून लिफ्टरवर येतं आणि बंदूक अडकते, नंतरच्या पिढीत ते सुधारलं, त्यामुळे पहिलीला थोडे कमीच द्यायचे. मॉसबर्ग ९३० जुनी, ९४० तिच्यापेक्षा काजळी बरीच जास्त सहन करते, ९३० ला ९४० च्या जवळचा भाव मागितला तर हसून नाही म्हणा. टर्किश इनर्शिया बंदुकांत स्टोगर एम३००० ही बेनेलीसारखीच बेरेटा ग्रुपची, पार्ट आणि सर्व्हिस मिळते. बाकी टर्किश नावं इम्पोर्टर बदलला की गायब होतात, पार्ट मिळत नाहीत, विकायला गेलात तर निम्मेही येत नाहीत, म्हणून घेताना तेवढंच द्या.

आणि वाजवी भाव म्हणजे फक्त आपला फायदा नाही हो. आमच्या गल्लीतल्या एका आजींचे मिस्टर गेले, घरात एक बेनेली एम१ होती, एका दुकानाने त्यांना अगदी थोडक्यात विकत घेऊ म्हणून सांगितलं. मला बघायला बोलावलं, रिसीव्हरवर (बंदुकीच्या मधल्या मुख्य भागावर) एचकेचा इम्पोर्टचा शिक्का, म्हणजे हेक्लर अँड कॉक इथे बेनेली आणत असे त्या काळातली, कलेक्टर लोक तिला जास्त देतात. आम्ही दोघांनी बसून विकल्या गेलेल्या व्यवहारांचे आकडे काढले, दुकानाने सांगितल्याच्या दुपटीपेक्षा जास्त होते. मला स्वतःला ती फार आवडली होती, मी घेतली नाही, त्यांना लिलावाचं करून दिलं. अशा घरी गेलात तर खरा आकडा आधी त्यांच्यासमोर ठेवा आणि मग तुमचा सांगा.

पैसे देण्याआधी सिरीयल नंबरचा फोटो घ्या, कंपनीच्या साईटवर रिकॉल आहे का बघा, चोरीची असल्याची शंका असेल तर स्थानिक पोलिसांना नंबर देऊन विचारता येतं. बिलावर तारीख, मॉडेल, नंबर, दोघांच्या सह्या. घरी आल्यावर कुलपाची तिजोरी, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आई-बाबा राहायला असतील तेव्हा तिजोरीची किल्ली किंवा कोड त्यांच्याकडे नको, त्यांच्या व्हिसाचं वर लिहिलंच आहे, आणि पोरं खेळायला येतात ती वेगळी.

शेवटची गोष्ट फार छोटी वाटेल पण माझ्या ओळखीत एका कुटुंबाने एअरपोर्टवर रात्र काढलीय. रेंजला जी बॅग नेता ती भारतात जाताना वापरू नका, हँडबॅग म्हणूनही नाही, मुलांच्या खेळण्यांसाठीही नाही. कप्प्याच्या शिवणीत एखादं काडतूस राहून जातं, आणि मुंबईला उतरल्यावर विनापरवाना एक काडतूस सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, बंदूक सोबत असो वा नसो. बॅगेला लाल रिबन बांधा, गॅरेजमध्येच टांगा.